राजाची मुलगी, पण वारस नाही: आग्नेस हाकोन्सदातरची गोष्ट

(या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. हेडफोन घरी विसरले असतील, किंवा नावं ऐकताना गोंधळ होत असेल, तर वाचून घ्या. बोलताना वाकडी झालेली वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी बोललो तसंच आहे.)



आज आपण नॉर्वेत जाणार आहोत, साधारण सातशे वर्षं मागे. पण आधी सांगतो की मी तिथे पोचलो कसा. गेल्या वर्षी लोकलच्या प्रवासात मी फोनवर एक जाडजूड कादंबरी वाचायला घेतली. लेखिका सिग्रिड उंडसेट. नॉर्वेची बाई, १९२८ साली साहित्याचं नोबेल मिळालेलं. तिची 'क्रिस्तिन लाव्हरान्सदातर' ही तीन खंडांची कादंबरी चौदाव्या शतकातल्या नॉर्वेत घडते. तिच्यात राजकारणाची चर्चा निघाली की मधूनच 'हावतोरेचे मुलगे' असा उल्लेख येतो. राजाशी त्यांचं काहीतरी नातं आहे, लोक त्यांच्याकडे आशेने बघतात, आणि कुणी नीट सांगत मात्र नाही की का.

मग नेहमीसारखं झालं. मी कादंबरी बाजूला ठेवली आणि त्या मुलांच्या मागे लागलो. त्यांच्या आईपर्यंत पोचलो. तिचं नाव आग्नेस. ती नॉर्वेचा राजा हाकोन पाचवा याची मुलगी. लग्नाबाहेर झालेली.

आता 'अनौरस मूल' म्हटलं की तुमच्यातल्या अर्ध्या लोकांच्या डोळ्यासमोर 'गेम ऑफ थ्रोन्स'मधला जॉन स्नो आला असणार. येऊ दे. पण आग्नेसच्या गोष्टीत ड्रॅगन नाहीत आणि शेवटी कुणी उठून "हाच खरा वारस" असंही म्हणत नाही. तिच्या गोष्टीत आहे एक कायदा. आणि त्या कायद्याने जवळजवळ दोनशे वर्षं एका देशाला घातलेलं कोडं.

एक छोटी गोष्ट नावांबद्दल. त्या काळी नॉर्वेत आडनावं नव्हती. आपण नावापुढे वडिलांचं नाव लावतो ना, तसंच. मुलगा असेल तर शेवटी 'सन', मुलगी असेल तर 'दातर'. म्हणून हाकोनची मुलगी आग्नेस हाकोन्सदातर. आणि हावतोरेचा मुलगा योन म्हणजे योन हावतोरेसन. एवढं लक्षात ठेवलंत की पुढचं सोपं आहे.

अनौरस मुलांचं घराणं

आग्नेस समजायची तर तिच्या जन्माच्या शंभरेक वर्षं आधीपासून सुरुवात करावी लागते.

नॉर्वेत जुना रिवाज असा होता की राजाचा मुलगा म्हणजे राजाचा मुलगा. आई राणी होती की दासी, हे कुणी विचारत नसे. सगळ्या मुलांना सारखा हक्क. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात काय झालं? राजा मेला की चार ठिकाणांहून चार तरुण उभे राहत, "मीही त्याचाच मुलगा." प्रत्येकामागे थोडे सरदार, थोडे शेतकरी, थोड्या तलवारी. ११३० ते १२४० अशी तब्बल ११० वर्षं नॉर्वेत यादवी चालली.

मूल खरंच राजाचं आहे हे ठरवायचे कसे? डीएनए तर नव्हता. तेव्हा दिव्य करायचे. हो, 'दिव्य' हा आपलाच जुना शब्द इथे बरोबर बसतो. तापलेलं लोखंड हातात धरायचं, मग हाताला पट्टी बांधायची, आणि काही दिवसांनी जखम स्वच्छ भरली आहे का बघायचं. भरली तर दावा खरा.

याच गोंधळातून एक माणूस वर आला, स्वेर्रे. फॅरो बेटांवर वाढलेला, पाद्री व्हायचं शिक्षण घेतलेला. तो म्हणाला, मी सिगुर्द मुन्न राजाचा अनौरस मुलगा आहे. समोर कोण होता? माग्नुस एर्लिंगसन. तो राजाच्या औरस मुलीचा मुलगा. चर्चने त्याला मुकुट घातलेला, आणि ११६३ मध्ये औरस मुलाला पुढे करणारा कायदाही त्याच्याच काळात झालेला. स्वेर्रेने त्याला ११८४ मध्ये फिम्रेइतेच्या लढाईत संपवलं आणि गादी घेतली. म्हणजे हे घराणं सुरूच झालं ते औरसाला हरवून.

स्वेर्रेचा नातू हाकोन चौथा. तोही अनौरस. हे बाळ दीडेक वर्षांचं असताना भर हिवाळ्यात बिर्केबाइनर नावाच्या सैनिकांनी त्याला बर्फातून स्कीवर डोंगरापार नेलं आणि वाचवलं. नॉर्वेत आजही त्याची आठवण म्हणून स्कीची मोठी शर्यत होते. २०१६ मध्ये 'द लास्ट किंग' हा सिनेमाही आला होता. पुढे हा मुलगा राजा झाला तेव्हा लोकांनी शंका काढली, आणि त्याच्या आईने, इंगा तिचं नाव, १२१८ मध्ये लोखंडाचं दिव्य केलं. तिचा हात भरून आला. मुलगा राजा राहिला. तरी चर्चकडून थाटामाटात राज्याभिषेक हवा म्हटल्यावर १२४६ मध्ये पोपकडून अनौरसपणाचा डाग पुसून घ्यावा लागला. दुसऱ्या वर्षी अभिषेक झाला.

आणि मग याच हाकोनने १२६० मध्ये कायदा केला: गादी राजाच्या सर्वात मोठ्या औरस मुलाला. त्याच्या मुलाने, माग्नुस सहाव्याने, १२७३ मध्ये वारसांची लांबलचक यादीच करून टाकली. यादवीला पुन्हा वाट मिळू नये म्हणून.

मला हे वाचताना लोकलच आठवली. दारात लटकलेला माणूस ओरडतो, "अरे आत सरका, जागा आहे!" तोच पुढच्या स्टेशनपर्यंत आत शिरलेला असतो, आणि नव्याने चढणाऱ्याला सांगतो, "जागा नाही, मागून येणारी पकड."

पण लगेच त्याला ढोंगी म्हणू नका. ११० वर्षं माणसं मेली होती. कुणीतरी दार लावणं भाग होतं. प्रश्न एवढाच की दार लागताना बाहेर कोण राहिलं.

दोन बहिणी

बाहेर राहिलेल्यांपैकी एक आग्नेस.

तिचा जन्म १२९०च्या आसपासचा. तेव्हा तिचे वडील राजा झालेले नव्हते. मोठा भाऊ एरिक गादीवर होता, आणि हाकोन ड्यूक म्हणून ओस्लोच्या बाजूचा मुलूख सांभाळत होता. आग्नेसच्या आईचं नाव ग्रो सिगुर्द्सदातर. हाकोनचं तिच्याशी लग्न झालेलं नव्हतं.

१२९९ मध्ये एरिक मुलगा नसताना वारला आणि हाकोन राजा झाला. त्याच वर्षी त्याने जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या र्‍यूगनच्या युफेमियाशी लग्न केलं. १३०१ मध्ये त्यांना मुलगी झाली, इंगेबोर्ग. बस. तेवढंच एक औरस मूल.

राजाच्या मुलीचं नाव तेव्हा किती जड होतं, ते बघा. हाकोनच्या भावाची, एरिकची, मुलगी मार्गारेट. तिला स्कॉटलंडची राणी व्हायचं होतं. १२९० मध्ये तिकडे जाताना ऑर्कने बेटांवर ती वारली, सात वर्षांची होती. दहा वर्षांनी एक बाई बर्गनला आली आणि म्हणाली, मीच मार्गारेट, मी मेलेच नव्हते. १३०१ मध्ये तिला बर्गनजवळ नोर्दनेसला जाळण्यात आलं. म्हणजे ज्या वर्षी इंगेबोर्ग पाळण्यात होती, त्याच वर्षी एक बाई 'मी राजाची मुलगी' म्हणाली म्हणून जिवानिशी गेली.

हाकोनने १३०२ मध्ये वारसाचा कायदा पुन्हा सुधारला. आता औरस मुलीला आणि तिच्या मुलांना यादीत पक्की जागा मिळाली. इंगेबोर्गसाठी. आग्नेसकडे त्या वेळी अकरा-बारा वर्षांचं वय होतं, वडिलांचं नाव होतं, आणि कायद्यात जागा नव्हती.

मग दोघींची लग्नं. इथे मला खरी गोष्ट सापडली असं वाटतं.

इंगेबोर्ग वर्षाची होते न होते तोच तिची सोयरीक स्वीडनच्या राजाच्या भावाशी, ड्यूक एरिकशी ठरली. मध्ये ती मोडली, पुन्हा जुळली, आणि १३१२ मध्ये ओस्लोला लग्न लागलं. ती अकरा वर्षांची, तो तिशीतला. अशी लग्नं म्हणजे दोन राज्यांमधला तह असायचा.

आग्नेसचं लग्न मात्र देशातच झालं. ओस्लोच्या ईशान्येला रोमेरिके नावाचा सुपीक शेतीचा भाग आहे. तिथे सुद्रेइम ही मोठी जहागीर, आजचं सोरुम. तिथल्या सरदाराचा मुलगा हावतोरे योन्सन हा तिचा नवरा. घराणं तालेवार, राजाच्या विश्वासातलं. अनौरस मुलगी परदेशी राजघराण्यात खपत नाही, पण देशी सरदाराला मात्र राजाचा जावई होणं म्हणजे केवढा मान!

लक्षात घ्या, याच हाकोनने १३०८ मध्ये मोठ्या सरदारांच्या जुन्या पदव्या बंद करून टाकल्या. सरदारांनी फार डोकं वर काढू नये, सगळी सत्ता राजाच्या हातात राहावी, असं त्याचं धोरण. आणि त्याच राजाने आपलं रक्त एका सरदाराच्या घरात दिलं. पुढे याचा काय परिणाम होईल याचा त्याने विचार केला होता का, कोण जाणे.

बरं, आग्नेस स्वतः कशी होती? काय बोलायची? हाकोन चौथ्यावर आणि माग्नुसवर सागा लिहिल्या गेल्या, म्हणजे राजांची मोठी गद्य चरित्रं. तिथे ती परंपरा थांबली. हाकोन पाचव्याची सागा नाही. त्यामुळे दरबारातले संवाद, भांडणं, रुसवेफुगवे, काहीच आपल्या हाती येत नाही. आग्नेस दिसते ती कुणाची तरी मुलगी, कुणाची बायको, कुणाची आई म्हणून.

१३१९

१३१७ च्या डिसेंबरात स्वीडनच्या राजाने, बिर्गेरने, आपल्या दोन भावांना न्योपिंगच्या किल्ल्यात मेजवानीला बोलावलं. जेवणं झाली, भाऊ झोपले, आणि रात्री त्यांना पकडून कोठडीत टाकलं. तिथून ते जिवंत बाहेर आले नाहीत. त्यातला एक इंगेबोर्गचा नवरा. सतराव्या वर्षी ती विधवा झाली. पदरात एक मुलगा, माग्नुस, जन्म १३१६.

८ मे १३१९ ला हाकोन पाचवा तोन्सबर्गला वारला. जाण्याआधी त्याने सरदारांकडून शपथ घेतली की परदेशी माणसाला किल्ल्यांवर आणि अधिकारावर येऊ देऊ नका. मुलगीच परदेशात दिलेल्या बापाची ही काळजी होती. नॉर्वेच्या जुन्या राजवंशाची पुरुष परंपरा त्याच्याबरोबर संपली.

आग्नेसही त्याच वर्षी गेली. तिशी गाठली असेल नसेल. पुढच्या वर्षी हावतोरेही. मागे योन आणि सिगुर्द ही लहान मुलं.

आता चित्र बघा. तिकडे तीन वर्षांचा माग्नुस. कायद्याने तो नॉर्वेचा राजा झाला, आणि त्याच उन्हाळ्यात स्वीडनच्या सरदारांनीही त्यालाच राजा निवडलं. इकडे रोमेरिकेत त्याचे दोन मावसभाऊ. मावशी सावत्र असली तरी आजोबा तोच. एक नातू दोन देशांचा राजा, बाकीचे दोन जहागिरीवर वाढणारी पोरकी मुलं. फरक एवढाच, की कोणत्या आजीचं लग्न लागलं होतं.

हावतोरेचे मुलगे

मुलं मोठी झाली. सिगुर्दचं लग्न एर्लिंग विदकुन्सनच्या मुलीशी झालं. हा एर्लिंग म्हणजे देशातला बडा माणूस. माग्नुस लहान असताना १३२३ पासून त्यानेच नॉर्वेचा कारभार पाहिला. गिस्के आणि ब्यार्कोय या प्रचंड जहागिरी त्याच्या. त्या पुढे सुद्रेइमच्या घराण्याकडे आल्या. म्हणजे राजाचं रक्तही याच घरात आणि जमीनही याच घरात.

दरम्यान माग्नुस मोठा झाला आणि स्वीडनमध्येच रमला. १३३२ मध्ये त्याने स्कोने प्रांत मिळवला, त्यासाठी ३४,००० मार्क चांदी कबूल केली आणि कर्जात बुडाला. नॉर्वेचे सरदार म्हणू लागले: राजा इथे नाही, कारभार नीट होत नाही, आणि कर मात्र आमच्याकडून. आधी एर्लिंगने बंड केलं. मग त्याच दशकाच्या शेवटी योन आणि सिगुर्द हावतोरेसन उठले. थोडी धामधूम झाली आणि राजाशी समेट झाला.

उंडसेटच्या कादंबरीतलं राजकारण याच काळातलं आहे. मला तेव्हा कळलं की पात्रं त्यांचं नाव दबक्या आवाजात का घेतात.

बंड फसलं असं वरवर दिसतं. पण १३४३ मध्ये ठरलं की माग्नुसचा धाकटा मुलगा हाकोन नॉर्वेचा राजा होईल, म्हणजे नॉर्वेला पुन्हा स्वतःचा राजा. सरदारांची तक्रार तेवढी तरी ऐकली गेली. आणि हावतोरेचे मुलगे? ते पुढे राजाच्या मंडळात बसले. घरचे झाले.

मग १३४९ मध्ये प्लेग आला. बर्गनमधून आत शिरला आणि निम्म्याच्या आसपास माणसं गेली. गावंच्या गावं ओस पडली. जमीन कसायला माणूस नाही, तर खंड कुठून येणार? खंडावर जगणारी छोटी सरदार घराणी शेतकऱ्यांमध्ये मिसळून गेली. जी उरली ती मोजकी, आणि त्यांची लग्नं स्वीडन-डेन्मार्कच्या सरदारांत होऊ लागली. आग्नेसचे दोन्ही मुलगे यातून वाचले, म्हातारे झाले, आणि त्यांची मुलंबाळंही झाली.

फेब्रुवारी १३८८

आता या भागातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग.

हाकोन सहावा १३८० मध्ये वारला. त्याची बायको मार्गरेटे, डेन्मार्कची राजकन्या. त्यांचा मुलगा ओलाव डेन्मार्क आणि नॉर्वे दोन्हींचा राजा होता. ऑगस्ट १३८७ मध्ये तो अचानक गेला, वय १६. औरस मुलीची थेट ओळ, इंगेबोर्ग, माग्नुस, हाकोन, ओलाव, इथे संपली.

आणि आग्नेसचा नातू जिवंत होता. योनचा मुलगा, हाकोन योन्सन. पणजोबा राजाचं नाव लावणारा. नॉर्वेत वाढलेला, मंडळात बसणारा, श्रीमंत. लोक साहजिकच म्हणाले असणार: हा का नको?

फेब्रुवारी १३८८ मध्ये ओस्लोला मंडळ भरलं. त्यांनी मार्गरेटेला देशाची सर्वाधिकारी म्हणून मान्य केलं. आणि हाकोन योन्सनने लेखी जाहीर केलं की नॉर्वेच्या गादीवर माझा काही हक्क नाही.

मी हे वाचून बराच वेळ थांबलो. विचार करा ना. ज्याला हक्क आहे असं कुणालाच वाटत नाही, त्याच्याकडून कुणी असा कागद लिहून घेतं का? मी नॉर्वेचा राजा नाही, हे माझ्याकडून कुणी लिहून मागितलेलं नाही! तो कागद होता म्हणजेच दावा लोकांच्या मनात होता.

मग त्याने का सोडलं? घाबरला? विकला गेला? मला वाटतं उत्तर एवढं सरळ नाही. मार्गरेटेच्या मागे डेन्मार्कची ताकद होती. नॉर्वे प्लेगने पोखरलेला. आणि कायदा खरंच त्याच्या बाजूने नव्हता. त्याच्याच पूर्वजांनी अनौरस शाखा कापून टाकली होती, ती का, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. "कायदा काही म्हणो, मीही राजाच्या रक्ताचा" असं म्हटलं की पुन्हा ११३०. तो मंडळातच राहिला, मानाने राहिला.

आता मार्गरेटेने वारस म्हणून कुणाला आणलं ते ऐका. पोमेरेनियाचा एरिक. सातेक वर्षांचा मुलगा, आजच्या पोलंडच्या किनाऱ्यावरचा. नॉर्वेशी त्याचं नातं काय? तो इंगेबोर्गच्या मुलीच्या मुलाच्या मुलीचा मुलगा! पुन्हा म्हणतो, मुलीच्या, मुलाच्या, मुलीचा मुलगा. आणि हाकोन योन्सन? आग्नेसच्या मुलाचा मुलगा. पण एरिकच्या लांबच लांब साखळीतल्या प्रत्येक कडीला लग्नाची गाठ होती. आग्नेसच्या साखळीतली पहिलीच कडी बिनगाठीची. १३८९ मध्ये एरिकला नॉर्वेचा राजा म्हणून मान्यता मिळाली, १३९७ मध्ये काल्मारला तीन राज्यांचा संघ झाला.

पुन्हा एकदा संधी

वर्षं गेली. सिगुर्द हावतोरेसनच्या एका मुलीचं नाव होतं आग्नेस, आजीचंच. घरात ती आठवण जपलेली होती तर! या धाकट्या आग्नेसचं लग्न स्वीडिश सरदार योन मार्तेइनसनशी झालं. त्यांचा मुलगा सिगुर्द योन्सन, म्हणजे पहिल्या आग्नेसचा पणतू.

१४३९-४० मध्ये एरिकला तिन्ही देशांत पायउतार व्हायची वेळ आली, तेव्हा नॉर्वेचा कारभार याच सिगुर्दकडे आला. मग ख्रिस्तोफर राजा झाला, तो जानेवारी १४४८ मध्ये मूल नसताना वारला, आणि मंडळाने पुन्हा सिगुर्दलाच राज्य सांभाळायला नेमलं. त्याचं नाव राजा म्हणूनही पुढे आलं. त्याने मुकुट घेतला नाही.

त्यानंतर काय गोंधळ झाला? स्वीडनचा राजा कार्ल क्नुत्सन १४४९ च्या नोव्हेंबरात ट्रोंडहाइमला आला आणि नॉर्वेचा राजा म्हणून अभिषेक करून घेतला. पुढच्याच उन्हाळ्यात, १४५० मध्ये, डेन्मार्कचा ख्रिस्तियान पहिला तिथेच येऊन अभिषेक करून गेला. शेवटी ख्रिस्तियानच टिकला. त्याच वर्षी बर्गनला करार झाला की डेन्मार्क आणि नॉर्वे कायम एकाच राजाखाली राहतील. ते 'कायम' १८१४ पर्यंत चाललं.

सिगुर्दचा मुलगा हान्स देशातल्या सर्वात श्रीमंत माणसांपैकी एक होता. १४६६ मध्ये वारला, मूलबाळ नाही. त्याच्या जमिनींचं वाटप व्हायला १४९० उजाडलं. चोवीस वर्षं! आपल्याकडच्या सातबाऱ्याच्या भांडणांना नावं ठेवू नका.

वारसदारांपैकी एका घराण्यात क्नुत आल्वसन जन्मला. सुद्रेइमच्या जुन्या दाव्याची चर्चा शेवटी ज्याच्या नावाशी जोडली जाते, तो हा. १५०१ मध्ये त्याने डेन्मार्कच्या राजाविरुद्ध बंड केलं, तोन्सबर्ग आणि ओस्लोचा आकेर्सहुस किल्ला घेतला. आकेर्सहुस म्हणजे हाकोन पाचव्याच्याच काळात बांधलेला किल्ला. १८ ऑगस्ट १५०२ ला बोलणी करायला अभय देऊन त्याला डेन्मार्कच्या बाजूच्या सेनापतीच्या, हेन्रिक क्रुमेदिकेच्या, जहाजावर बोलावलं. तिथे त्याला ठार मारलं. मग मेलेल्या माणसावर राजद्रोहाचा निकाल दिला.

न्योपिंगच्या मेजवानीपासून या जहाजापर्यंत, पाहुणा म्हणून बोलावून मारायची पद्धत काही बदलली नव्हती.

मग बरोबर कोण होतं?

मला सुरुवातीला वाटलं होतं, ही अन्यायाची गोष्ट आहे. देशात राहिलेली मुलगी डावलली, परदेशी गेलेलीची ओळ राजे झाली, आणि देशाने स्वतःचा राजा गमावला. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेत राष्ट्रवादी हवा आली तेव्हा अनेकांनी ही कथा अशीच वाचली. क्नुत आल्वसन त्यांच्यासाठी हुतात्मा झाला.

पण मला आता तेवढं सोपं वाटत नाही. कायद्याने दोन गोष्टी एकदम केल्या. यादवी थांबवली. १२४० नंतर राजपुत्रांची ती कत्तल परत झाली नाही, शेतकऱ्याच्या घरावर दर दहा वर्षांनी नव्या राजाची फौज आली नाही. ही काही लहान गोष्ट नव्हे. आणि त्याच कायद्याने गादीचा रस्ता देशाबाहेर नेला. कारण औरस राजकन्या बाहेरच्या राजघराण्यात द्यायची असते, आणि अनौरस मुलगी घरात राहते. जितकं रक्त 'शुद्ध', तितका राजा लांबचा. कायदा करणाऱ्यांना हे दिसलं नाही. हाकोन पाचव्याला शेवटी दिसलं असावं, म्हणून तर ती शपथ.

आणि हाकोन योन्सन. लोक त्याला कमकुवत म्हणतील. मला तो एकटाच असा वाटतो ज्याला दोन्ही बाजू कळल्या होत्या. राजा व्हायला नकार दिल्याची गोष्ट कुणी गात नाही, कारण तिच्यात लढाई नाही. पण १३८८ च्या त्या हिवाळ्यात, अर्धी माणसं प्लेगने आधीच गेलेल्या देशात, एक यादवी कमी झाली असेल तर तेही मोजायला हवं.

आता शेवटचं. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला आणि डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल याला राजा म्हणून बोलावलं. त्याने नाव घेतलं हाकोन सातवा. म्हणजे हाकोन सहाव्यानंतर मधली सव्वापाचशे वर्षं जणू घडलीच नाहीत! आणि ओस्लोच्या जुन्या चर्चच्या अवशेषांत सापडलेली, हाकोन पाचवा आणि युफेमियाची मानली जाणारी हाडं आज आकेर्सहुसमध्येच, राजघराण्याच्या दफनगृहात ठेवलेली आहेत.

आग्नेसचं तिथे काही नाही. पण एक गणित करून बघा. सातशे वर्षं म्हणजे साधारण पंचवीस पिढ्या. प्रत्येक पिढीत आई-बाप धरले तर पंचवीस पिढ्या मागे प्रत्येक माणसाला तीन कोटींहून जास्त पूर्वजांच्या जागा भरायच्या असतात. आजच्या नॉर्वेची लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास. ज्या बाईची ओळ दोनशे वर्षं लेकीसुनांतून, जहागिरीतून, सरदारांतून शेतकऱ्यांत पसरली, ती आज तिथल्या कितीतरी साध्या माणसांची पणजी-खापरपणजी असणार. शाळेत शिकवणारी, मासे पकडणारी, बस चालवणारी माणसं. त्यांना ठाऊकही नसेल.

तर मंडळी, ही आग्नेसची गोष्ट. तुमच्या मते हाकोन योन्सनने मुकुट घ्यायला हवा होता का? मला खरंच तुमचं मत हवंय, 'हो' किंवा 'नाही' एवढंच नको, का तेही लिहा. आणि घरात कुणी इतिहासवेडं असेल तर त्यांना हा भाग फॉरवर्ड करा.

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हो, लोकलमध्ये चढल्यावर मागच्याला जागा द्या!